पांढरी रंगवलेली मेंढरं

मला जालन्याच्या बसस्टँडवर सोडलं ते माझ्या सख्ख्या भावानं. भोकरदनहून एसटीनं आणलं, बाकावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "तू इथं बस. मी केसपेपर काढून येतो, मंग तुला दवाखान्यात नेतो."

मी बसले. माझ्या डोक्यात तेव्हा माणसं बोलायची, त्यामुळे एकटी अशी नव्हतेच. पण भाऊ परत येणार नाही हे मला संध्याकाळच्या आत कळलं होतं. वेडाला काही कळत नाही असं समजणारे लोक स्वतःला शहाणे म्हणवतात.

त्याआधी मी बालवाडीची बाई होते. सासर जमीनजुमल्याचं, माणसंही वाईट नव्हती. दुसऱ्या बाळंतपणानंतर आवाज सुरू झाले. आधी भगत झाला, मग एक दर्गा झाला, मग माहेर. आई होती तोवर भागलं. आई गेली तशी भावजय म्हणाली, घरात लेकरं आहेत आणि ही पेटत्या चुलीपाशी जाऊन बसते. ते खरं होतं. पण चुलीपाशी मी ऊब लागते म्हणून बसायचे, हे मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

स्टँडवरचे दिवस मी लिहिणार नाही. बाईमाणूस स्टँडवर झोपतं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना मी का सांगू. एका थंडीत पोलिसांच्या गाडीतून मला शहरातल्या बेघर निवाऱ्यात आणलं. तिथं सिव्हिलचे डॉक्टर येत. गोळ्या सुरू झाल्या. आवाज गेले नाहीत, शेजारच्या खोलीत गेल्यासारखे झाले. मला त्यांचे शब्द ऐकू येईनात, नुसती कुजबुज राहिली. तेवढ्यावर माणूस जगू शकतं.

मग ताई यायला लागली.

संभाजीनगरहून दर मंगळवारी यायची. वय कोवळं, खादीचा कुर्ता, खांद्याला रंगांची पिशवी. ती करायची त्याला ती कलोपचार म्हणायची, निवाऱ्याचे व्यवस्थापक आर्ट थेरपी म्हणायचे आणि आम्ही चित्राचा तास म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिनं आम्हाला हॉलमध्ये गोल बसवलं, कागद वाटले आणि गोड आवाजात म्हणाली, "आज आपण आपापलं घर काढू या."

 माझ्या बाजूला एक म्हातारी होती, तिनं कागदाची घडी घातली आणि पोलक्यात खोचली. एक जण उठून नळावर गेला. ताईला आपलं चुकलं हे लगेच कळलं, तिचे कान लाल झाले. ती म्हणाली, "नाहीतर तुम्हाला जे वाटेल ते काढा." हे मी मुद्दाम सांगते. ती वाईट पोरगी नव्हती. चूक कळली की तिला लाज वाटायची, आणि हा गुण मी माझ्या नात्यातल्या कुणात पाहिलेला नाही.

मी त्या दिवशी छत्री काढली. बालवाडीत हजारदा काढलेली, छ छत्रीचा. हाताला ती अजून येत होती याचं मलाच आश्चर्य वाटलं. पुढच्या मंगळवारी मी वेणी घालून बसले. चित्रांनी तुमचं काय भलं झालं असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मी म्हणायचे, मंगळवारी मी वेणी घालायची. त्यांना आणखी काहीतरी हवं असायचं.

निवाऱ्यात सगळे ज्यांना मामा म्हणायचे, ते दाराशी बसायचे. छताखाली त्यांना बसवत नसे. धनगर माणूस, सत्तरीच्या घरातलं, उंच आणि वाळलेलं. निवाऱ्यात आणलं तेव्हा उवा झाल्या म्हणून त्यांचे केस कापले आणि अंगावरची घोंगडी जाळली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, फक्त झोपताना खांद्यावरून हात फिरवून काहीतरी ओढून घेतल्यासारखं करायचे. सगळा वेळ त्यांची नजर रस्त्यावर.

ताईनं एकदा शाडूची माती आणली. गणपतीवाल्यांकडं मिळते ती. मामांनी दारातून पाहिलं, उठले आणि येऊन एक गोळा उचलला. दोन बोटांत दाबला, वास घेतला. म्हणाले, "ही लई पांढरी हाय. काळी न्हाई का?"

पुढच्या वेळी ताईनं कुठल्या तरी शेतातून काळी माती आणली. मामांनी ती भिजवली, मळली आणि मेंढरू केलं. अंगठ्याएवढं. मग दुसरं. दुपारपर्यंत त्यांच्यापुढं खांड उभं होतं. आमच्याकडं मेंढरांच्या कळपाला खांड म्हणतात. कुठलंही मेंढरू दुसऱ्यासारखं नव्हतं. एकाचा कान तुटका, एक लंगडं, एकीचं पोट खाली आलेलं. मी विचारलं, "मामा, ही गाभण हाय का?" त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "हाय. तुला कसं कळलं, माय?"

मी म्हटलं, "आमच्या सासऱ्याच्या रानात दर साली मेंढरं बसवायची, मामा. खतासाठी. मी भाकरी घेऊन जायची."

तेव्हापासून ते माझ्याशी बोलायला लागले. सलग नाही. माती मळताना चार वाक्यं, मग आठवडाभर काही नाही. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, पावसाळा इकडं, उन्हाळा तिकडं, शेतकऱ्यांच्या रानात दोन रात्री बसवायची आणि उठवायची. एका पहाटे जालन्याच्या रस्त्यावर लोखंडी सळया भरलेला ट्रक खांडात घुसला. ड्रायव्हरला डुलकी लागली होती म्हणे. मामा पुढं होते, म्हणून वाचले. उरलेली मेंढरं मुलानं विकली आणि तो त्याच सळयांच्या कारखान्यात कामाला लागला. मामा रस्त्यानं चालत सुटले. मेंढरं हाकत. मेंढरं नव्हती तरी.

"पोराला दोष न्हाई देत म्या," ते म्हणायचे. "त्याला पोट हाय."

चित्राचा तास संपला की मामा सगळी मेंढरं उचलून पाण्याच्या बादलीत सोडायचे. ताईला पहिल्यांदा धक्का बसला. "अहो मामा, इतकी सुंदर झालीत, मोडता कशाला?"

"मोडतो कुठं," मामा म्हणाले. "वाघरीत घालून राह्यलो." वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. माती विरघळायची आणि पुढच्या मंगळवारी तीच मेंढरं परत निघायची. तीच. तुटक्या कानाची, लंगडी, गाभण. मामांना झोप लागायला लागली. दारातून आत येऊन बसायला लागले. एकदा तर जेवताना त्यांनी शेजारच्याला वरण वाढलं. डॉक्टर म्हणाले, फरक आहे. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला पण बरं वाटलं होतं, उगाच नाही म्हणणार नाही.

मग कार्यक्रम ठरला.

ज्या लोकांच्या मदतीवर ताईचा तास चालायचा त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. टाऊन हॉलात प्रदर्शन, पाहुणे, भाषणं. व्यवस्थापक उत्साही माणूस. ते म्हणाले, पाहुण्यांना शाल-श्रीफळ सगळेच देतात, आपण आपल्या लाभार्थ्यानं घडवलेलं मेंढरू देऊ. लाभार्थी म्हणजे आम्ही. ताईनं मामांना समजावलं, या वेळी मेंढरं बादलीत घालायची नाहीत, वाळवायची. "मामा, तुमची मेंढरं लोकांच्या घरोघरी जाणार."

मामा विचारात पडले. "कुणाच्या रानात बसवायची?"

ताई हसली. प्रेमानं हसली. म्हणाली, "सगळ्यांच्या."

"बराबर," मामा म्हणाले, आणि कामाला लागले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला म्हणायचे. आता नाही म्हणत. तिथं शिकलेली, पगारी, शुद्धीवरची चार माणसं होती. त्यांना कळायला हवं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ऑफिसात मेंढरं पांढरी रंगवली. ऑइल पेंट. काळी मेंढरं पाहुण्यांच्या हातात बरी दिसत नाहीत, असं व्यवस्थापक म्हणाले. गळ्यात लाल रिबन बांधली. ताई हळूच म्हणाली, "रंगवायला नको होतं." पण रंग तोवर वाळला होता. मामांना मेंढरं दाखवली तेव्हा ते कितीतरी वेळ बघत राहिले. एक उचललं, पोटाखाली बोट लावून पाहिलं, ठेवलं. "वळखू येईना झाली," एवढंच म्हणाले.

माझंही एक काम तिथं लागलं होतं. बालवाडीत असतो तसा मी मुळाक्षरांचा तक्ता केला होता. ब बाकाचा, क केसपेपरचा, भ भावाचा. ताईला तो फार आवडला, तिनं तो दारातच लावला. तक्ता करताना मला हलकं वाटलं होतं. दारात लावलेला पाहिल्यावर कुणी माझी साडी ओढतंय असं वाटलं. लोक वाचायचे, चुकचुकायचे आणि आत चहाला जायचे. एक पेपरवाला आला. मी म्हटलं, माझा फोटो घेऊ नका. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, चेहऱ्याशिवाय बातमी होत नाही. तुम्ही आता बऱ्या झालात, लाजता कशाला?" फोटो काढला गेला. मी पदर तोंडावर घेतला, पण अर्धाच.

स्टेजवर मामांना नवा सदरा आणि लाल फेटा घालून उभं केलं होतं. फेट्यात ते इतके देखणे दिसत होते की क्षणभर मला त्यांचं आधीचं आयुष्य दिसलं. एकेक पाहुणा यायचा, मामा त्याच्या हातात मेंढरू द्यायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. लोकांना वाटलं, आशीर्वाद देतात. टाळ्या पडायच्या. मी पायरीशी उभी होते, मला ऐकू येत होतं. मामा प्रत्येकाला सांगत होते, "दोन राती बसवा. मंग म्या येतो न्यायला."

पाहुणे माना हलवत होते.

सगळे गेल्यावर हॉल झाडायला आम्हालाच लावलं. एक मेंढरू खुर्चीखाली होतं, कुणी विसरलं असेल. एक चहाच्या टेबलाजवळ पडून फुटलं होतं. आतून काळं. मी तुकडे पदरात गोळा केले आणि मामांना दिसू नयेत म्हणून बाहेर नेऊन नालीत टाकले.

दोन दिवसांनी मामांनी सकाळी फेटा बांधला आणि फाटकाशी गेले. "कुठं निघालात, मामा?" मी विचारलं.

"मेंढरं उठवायला."

पहारेकऱ्यानं त्यांना बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी फाटक उघडं सापडलं आणि मामा गेले. दुपारी एका बंगल्यावरून फोन आला, तुमचा माणूस आमच्या फाटकात उभा आहे, मेंढरं मागतोय. व्यवस्थापक गाडी घेऊन गेले, माफी मागितली, मामांना आणलं. त्या संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. पुढच्या वेळी डॉक्टर आले तेव्हा मामांची गोळी वाढली.

ताई आली मंगळवारी. माती घेऊन आली. मामांपुढं बादली ठेवली आणि म्हणाली, "मामा, आपण नवीन करू."

मामा म्हणाले, "नवीन कशाला? माही कुठं हायेत?"

ती त्यांच्यापुढं बसली आणि रडायला लागली. खरं रडत होती. मग आमच्यातल्या दोघीतिघी उठल्या, तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला. मामा तसेच बसले होते आणि आम्ही तिची समजूत घालत होतो. नंतर ती मला कोपऱ्यात विचारत होती, "माझं काय चुकलं, सांगा ना."

मी म्हटलं, "ताई, मी लाभार्थी हाये. मला काय विचारता?"

तिला ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते.

त्याच आठवड्यात माझा भाऊ आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मोटरसायकल रस्त्यावरच उभी केली, फाटकाच्या आत आला नाही. मी मधल्या गजांना धरून उभी राहिले. केस पांढरे झाले होते त्याचे. मला वाटलं, न्यायला आलाय. हे लिहितानाही मला माझी कीव येते, पण वाटलं.

"फोटो कशाला छापून आणला पेपरात?" तो म्हणाला.

"म्या न्हाई आणला, दादा. त्यांनी काढला."

"पोरीचं जमून राह्यलंय. पाहुण्यांनी पेपर पुढं केला. म्हणे ही तुमची बहीण का?"

"मंग?"

"म्या म्हणलो न्हाई."

रस्त्यानं एक टेम्पो गेला, तो जाईपर्यंत आम्ही थांबलो. मी विचारलं, "माही लेकरं कशी हायेत?"

"चांगली हायेत. शिकून राह्यलीत. त्यांना सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

तो मोटरसायकलकडं बघत होता. "तू गेलीस म्हणून."

मी गज सोडले नाहीत. तो आणखी म्हणाला, "तू बरी दिसतीस," आणि गेला. बरी दिसतीस. बऱ्या झालेल्या माणसाचं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. आजाराला गोळी आहे, तास आहे, ताई आहे. बरं झाल्यावर जायला दार लागतं, ते काही कुठल्या योजनेत बसत नाही.

मामा गेले ते पाण्याचा टँकर आत घेताना. जालन्यात टँकर आला की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडं असतं. भांडी लागली, गलका झाला, आणि मामा फाटकातून सरळ चालत बाहेर पडले. मी पाहिलं त्यांना. हाक मारली नाही. कुलपात ठेवलेल्या माणसाला हाक मारून परत बोलवायला मी पहारेकरी नव्हते. हे बरोबर होतं की चूक, मला अजून ठरवता येत नाही.

शोधाशोध झाली. कुणी म्हणालं अंबडच्या रस्त्याला दिसले. मला तोवर एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायचं काम लागलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी अंबडला गेले, बाजारात धनगरांची माणसं बसतात त्यांना विचारलं. एक बाई म्हणाली, "आल्ता एक म्हातारा. आमच्या खांडात शिरला अन् पांढरं कोकरू उचलून म्हणं हे माहं हाय. माह्या मालकानं भाकरी दिली, वाटेला लावलं."

ते पांढरी मेंढरं शोधत होते. आमच्याकडची मेंढरं बहुतेक काळी. त्यामुळे जिथं पांढरं दिसेल तिथं मामा थांबत असणार.

पुढची बातमी कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आली. बाजारात कुणाचं तरी पांढरं मेंढरू मामांनी खांद्यावर घेतलं आणि चालू लागले. लोकांनी चोर म्हणून धरलं. मारलं. पोलीस आले म्हणून जीव वाचला. मग कोर्टाच्या हुकमानं त्यांना दूरच्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं. व्यवस्थापकांनी हे मला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्यासाठी तीच योग्य जागा आहे." त्यांच्या टेबलावर पांढरं मेंढरू होतं, खुर्चीखाली सापडलेलं. कागद उडू नयेत म्हणून ठेवलं होतं.

ताईचा तास त्या उन्हाळ्यात बंद झाला. मदत पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्याला गेली. तिचा मला फोन येतो कधीमधी. अलीकडं तिनं विचारलं, एका परिसंवादात येऊन तुमचा अनुभव सांगाल का, बरं वाटेल लोकांना. मी म्हटलं, लोकांना बरं वाटावं म्हणून मी आजारी पडले नव्हते.  ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं. मला वाटतं तिला खरंच बरोबर वाटलं. पण परिसंवाद झालाच, कुणीतरी दुसरी बाई गेली असेल.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी मामांना भेटायला गेले. एसटी बदलत बदलत. बरोबर लसणाची चटणी आणि बाजरीच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

मी म्हटलं, "मामा."

"सख्खे?"

मी भाकरीचं गाठोडं खिडकीवर ठेवलं. तो म्हणाला, रक्ताच्या नात्याचं माणूस लागतं, ओळखपत्र लागतं. माझ्या ओळखपत्रावर अजून नवऱ्याच्या गावचा पत्ता आहे, जिथं मी मेलेली आहे. मी त्याला पुष्कळ विनवलं. माणूस तसा भला होता, त्यानं आत जाऊन चौकशी करून आणली आणि भाकरी आत द्यायचं कबूल केलं.

"शांत असतात," तो म्हणाला. "त्रास देत नाहीत कुणाला. आमच्याकडं पण आता मॅडम येतात, चित्रं काढून घेतात, मातीकाम घेतात."

"मामा बसतात का त्यात?"

"नाही. माती समोर ठेवली की हात मागं घेतात."

मी त्याला म्हटलं, त्यांना अंगावर घ्यायला घोंगडी मिळाली तर बघा. तो म्हणाला, इथं चादरी असतात, सगळ्यांना सारख्या. परतीची गाडी लगेच नव्हती. स्टँडवर जाऊन बसायची माझी आजही तयारी नसते, म्हणून मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले, गाडी येईपर्यंत.